हा चित्रपट कुणाच्या दुकानचा?

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही, आणि मराठीत लिहावं इतका माझा अधिकारही नाही. आमच्या घरात कित्येक पिढ्या मराठी बोललं जातं, पण लिहिलं जात नाही. शाळा कन्नड. देवनागरी अक्षरं येतात ती शाळेतल्या हिंदीच्या तासामुळे. घरी बोलतो तसंच कागदावर उतरवलं तर पुण्या-मुंबईकडची माणसं हसतात, हे मला कळून चुकलं आहे. म्हणून मी जमेल तितकं पुस्तकी लिहितो, आणि घरातली माणसं बोलतील तिथे त्यांना त्यांच्यासारखंच बोलू देतो.

दुसरी माफी विषयाबद्दल. एका मोठ्या परदेशी कार्टून स्टुडिओचा स्वतःचा चित्रपट कशाला म्हणायचं, यावर बंगळूरच्या चामराजपेटमधल्या शिंप्याच्या मुलानं का बोलावं? मलाही आधी असंच वाटलं होतं. पण मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा, म्हणजे नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हा, माझ्या अक्काचं नाव पडद्यावर येणार की नाही ते याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होतं. म्हणून धीर करून लिहितो.

आमचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. आमचे वडील, म्हणजे अप्पा, शर्ट-पँट कापायचे आणि अक्का ब्लाउज शिवायची. अक्का माझी थोरली बहीण. दहावीला गणितात गेली आणि मग पुन्हा बसलीच नाही. कॉलेजचं तोंड पाहिलेला घरात मी पहिलाच, त्यामुळे मला काहीही विचारलं तरी यायलाच हवं असा सगळ्यांचा समज होता. विजेचं बिल, देवळाची नोटीस, औषधाची चिठ्ठी, सगळं माझ्यापुढे यायचं. मी निम्म्या वेळा अंदाजानं सांगायचो.

अक्काला एक सवय होती. गिऱ्हाईक बाईला ब्लाउजचा गळा कसा हवा ते शब्दांत सांगता येत नसे. मग अक्का खाकी कागद ओढून त्यावर तो ब्लाउज काढायची, आणि वर त्याच बाईचं डोकं काढायची. अंबाडा, नथ, हनुवटीवरचा तीळ, सगळं. बायका ब्लाउज राहू दे, आधी कागद द्या म्हणायच्या. असाच एक कागद शर्ट न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी पाहिला. ते मूळचे पुण्याचे, मुंबईला जाहिरातींची कार्टूनं काढून आता बंगळूरला आलेले. इथल्याच शिवाजीनगरात मोटारीच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या आणि तिथे परदेशातून कार्टूनचं काम आणत होते.

"हे तुम्ही काढलंत?" त्यांनी विचारलं.

"होय की. का? त्या बाईंनी काही म्हटलं का?" अक्का घाबरली.

पुढच्या महिन्यापासून अक्का शिवाजीनगरला जायला लागली. त्या गृहस्थांना सगळे सर म्हणायचे, म्हणून आम्हीही सर म्हणायला लागलो.

काम काय, ते तिनं पहिल्या दिवशी जेवताना समजावलं. काचेचं टेबल, खाली दिवा, वर कागद. "तिकडनं दोन चित्रं येतात अप्पा. एकात पाय खाली, एकात पाय वर. मधला पाय आम्ही काढायचा. एक पाय नव्हे, भरपूर पाय. स्वल्प स्वल्प वर जाणारे."

अप्पांनी घास थांबवला. "म्हणजे कटिंग त्यांचं, शिलाई तुमची."

"बरोबर तसंच."

"मग सोपं आहे," अप्पा म्हणाले आणि जेवायला लागले. त्यानंतर त्यांनी त्या कामाबद्दल कधी शंका काढली नाही.

गंमत अशी की ज्या चित्रपटाचं हे काम चाललं होतं त्याची गोष्ट अक्कालाही ठाऊक नव्हती. तिच्या वाट्याला तुकडे यायचे. कपड्याचं काही असलं की सर ते तिच्याकडे सरकवायचे. एका तुकड्यात दोरीवर वाळत घातलेली चादर होती आणि त्या चादरीत शिरून अडकलेला एक हंस. दुसऱ्यात एका लठ्ठ शिपायाचा फक्त पाय. तिसऱ्यात खिडकीचा पडदा. संध्याकाळी आम्ही सगळे मिळून त्यावरून गोष्ट रचायचो. अम्माच्या मते तो हंस म्हणजे शाप मिळालेला राजपुत्र आणि चादर त्याच्या सासूची. "सासूशिवाय एवढी घट्ट कोण गुंडाळणार?" ती म्हणायची. अप्पांना हंसात रस नव्हता. शिपायाच्या पँटला घडी आहे की नाही, तेवढं ते विचारायचे.

काही दिवसांनी अक्का जरा हिरमुसून आली. सरांनी तिला सांगितलं होतं की हा चित्रपट म्हणजे त्या मोठ्या स्टुडिओच्या एका गाजलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग. तो थेट व्हिडिओ कॅसेटवर निघणार, थेटरात लागणार नाही. स्टुडिओ अशा कॅसेटवाल्या चित्रपटांना आपल्या स्वतःच्या चित्रपटांत मोजत नाही. त्याचा एक धाकटा विभाग ते काढतो. स्वतःच्या चित्रपटाच्या शेवटी काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव येतं. कॅसेटच्या शेवटी मात्र शिवाजीनगरच्या कंपनीचं फक्त एक नाव येणार, बारीक अक्षरात.

"मग काय झालं?" मी म्हटलं. "काम तेच की."

"तुला काय कळतंय तम्मा," ती म्हणाली. आमच्याकडे धाकट्या भावाला कन्नडसारखं तम्माच म्हणतात. "तुझं नाव हजेरीत येतं, मार्कांच्या कागदावर येतं, कॉलेजच्या बोर्डावर येतं. मला माझं नाव एकदा कुठंतरी छापलेलं बघायचंय. लग्नपत्रिका सोडून."

"पत्रिकेत मोठ्या अक्षरात घालतो की," अप्पा म्हणाले.

"ते तुम्ही छापणार. हे मी काढलेलं."

अम्मानं तिच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

आमच्या कॉलेजात चित्रपट पाहणाऱ्यांचं एक मंडळ होतं. इंग्रजीच्या मॅडम ते चालवायच्या. महिन्यातून एकदा चित्रपट आणि एकदा चर्चा. मी मागच्या बाकावर बसायचो. तिथल्या मुलांचं इंग्रजी ऐकताना मला आमच्या रस्त्यावरून मोठ्या मोटारी जाताना पाहतोय असं वाटायचं, बाजूला सरकायचं आणि जाऊ द्यायचं. वर्षातून एकदा प्रत्येकानं एका विषयावर बोलायचं आणि दुसऱ्यानं त्याला प्रश्न विचारायचे, असा मॅडमचा नियम होता. माझी पाळी आली तेव्हा मी विषय सांगितला, त्या स्टुडिओचा स्वतःचा चित्रपट कुठला आणि कुठला नाही, हे कसं ठरवायचं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना बहुधा वाटलं असणार, हा मुलगा कार्टूनबद्दल बोलणार म्हणजे सुटका करून घेतोय.

मला प्रश्न विचारायला एक सीनियर उभा राहणार होता. कँटोन्मेंटकडचा, घरी त्या स्टुडिओच्या सगळ्या कॅसेट असलेला. तो मनानं वाईट नव्हता, पण बोलणं चिमटे काढल्यासारखं. "यात बोलण्यासारखं काय आहे?" कँटीनमध्ये तो मला म्हणाला. "स्टुडिओ स्वतःच क्रम लावतो. पहिला, दुसरा, तिसरा. क्रमात आहे तो त्यांचा, नाही तो नाही. तू तीन मिनिटांत खाली बसशील बघ." आमचं बोलणं इंग्रजी-कन्नड मिसळून व्हायचं. इथे मी मराठीत लिहितोय.

मी तयारीला लागलो आणि जितका विचार करावा तितका गुंता वाढू लागला. स्टुडिओचा स्वतःचा म्हणजे ज्याची गोष्ट त्यांनी रचली तो? मग फारच थोडे उरतात, कारण बऱ्याचशा गोष्टी जुन्या परीकथा, आधीच कुणीतरी सांगितलेल्या. ज्याची चित्रं त्यांच्याच इमारतीत काढली तो? मग जो चित्रपट निम्मा दुसरीकडे काढला त्याचं काय करायचं? ज्याच्या डब्यावर त्यांचा शिक्का तो? तर आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत एकाच परीकथेच्या दोन कॅसेट शेजारी शेजारी होत्या. दोन्हींवर तशीच राजकन्या, तसाच किल्ला. त्यातली एक त्या स्टुडिओची आणि दुसरी कुठल्यातरी भलत्याच कंपनीची. लायब्ररीवाले अण्णा म्हणायचे, "मुलांना काय, गाणी असली की सरी." सरी म्हणजे झालं, ठीक. मी दोन्ही घरी आणून पाहिल्या. फरक पहिल्या पाच मिनिटांत कळला, पण तो शब्दांत सांगता येईना.

अशात एका संध्याकाळी अक्का आली ती चप्पल काढून सरळ आतल्या खोलीत गेली. अम्मानं दिलेली कॉफी तिनं तशीच खाली ठेवली. शेवटी म्हणाली, "सगळं परत आलं."

"काय परत आलं?"

"हंस. चादर. पडदा पण. सगळं पुन्हा काढा म्हणालेत."

अप्पांनी हातातला खडू खाली ठेवला. शिंप्याच्या घरात 'परत आलं' हे शब्द कसे वाजतात ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. शिवलेला कपडा परत येणं म्हणजे गिऱ्हाईक नाराज झालं. माप चुकलं, नाही तर कापड बिघडलं. आणि त्याबद्दल आमच्याकडे एक रीत आहे. बाही कुणी जोडली, काज कुणी केलं, ते बघायचं नाही. घरातल्या मोठ्या माणसानं स्वतः गिऱ्हाइकाकडे जायचं, चूक झाली म्हणायचं आणि कपडा घेऊन यायचा. कारागिराला पाठवायचं नाही. अप्पा आयुष्यात असे फार वेळा गेले नसतील, पण गेले की परतल्यावर दिवसभर नवं कापड कापायला घेत नसत.

"उद्या मी येतो," ते म्हणाले.

"कुठं?" अक्का उठूनच बसली.

"तुझ्या सरांकडं."

"अय्यो अप्पा! तिथं असं नसतं! काय बोलणार तुम्ही? लाज काढाल माझी!"

"काम परत आल्यावर लाज राहिलीय कुठं?" अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू पण चल. मधेच इंग्रजी निघालं तर."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि आम्ही दोघं शिवाजीनगरच्या बसमध्ये बसलो. कारखान्यातल्या ठोकाठोकीतून अरुंद जिन्यानं वर गेलो. वरच्या खोलीत ओळीनं काचेची टेबलं होती आणि त्यांवर वाकलेली माणसं. अक्कानं आम्हाला पाहिलं आणि मान इतकी खाली घातली की कपाळ काचेला लागलं असेल. सर उठून उभे राहिले.

अप्पा हात जोडून म्हणाले, "चूक आमच्याकडनं झाली. पोरगी नवी आहे, पण आमच्याच टेबलावर शिकलेली. म्हणून मी आलो. कापड वाया गेलं असलं तर..."

"अहो, कागद आहे तो," सर म्हणाले.

"मग कागद."

सर क्षणभर गोंधळले. मग त्यांनी अप्पांना खुर्ची दिली आणि स्वतःही समोर बसले. "हे बघा, या धंद्यात काम परत येतंच. कुणी रागावलेलं नाही. एकट्या तुमच्या मुलीचं नाही, सगळ्यांचंच आलंय. आता एवढं सगळं का आलं, ते मला विचाराल तर मलाही उमगलेलं नाही. तिकडून एवढंच कळवलंय, आणखी बारकाईनं करा. पण तुम्हाला एक सांगू का? इतकी वर्षं या कामात आहे, परत आलेल्या चित्राबद्दल माफी मागायला कुणाचे वडील आले नव्हते." आणि मग हळूच म्हणाले, "तुमचं मराठी फार गोड आहे हो."

हे शेवटचं ऐकून अप्पा आणखीच अवघडले.

जिना उतरताना मी चिडलो होतो. "तुम्ही कशाला आलात अप्पा? चूक तिचीसुद्धा नव्हती."

"लेबल कुणाचं ते बघायचं असतं रे. शिलाई बाहेर दे, काज शेजारणीकडं दे, लेबल लावलं की तो शर्ट माझा. परत आला तर मलाच गेलं पाहिजे." बस येईपर्यंत ते बोलत राहिले. एरवी एवढं बोलत नाहीत. "मार्केटातल्या त्या रेडीमेडवाल्याला आपण शर्ट शिवून देतो की नाही? तेवढेच टाके, तोच हात. ते कधी परत आलेत? उसवले तर उसवले. कोण कुणाला विचारतंय? ते कुणाचेच नसतात."

मी ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यात मला एवढंच दिसलं की अप्पांच्या मनाला लागलंय.

माझ्या भाषणाच्या दिवशी मी अप्पांनी शिवलेलाच शर्ट घातला होता. मुद्दाम नव्हे, माझ्याकडे दुसरे नव्हतेच. उभा राहिलो. लिहून आणलेलं पहिलं वाक्य इंग्रजीत वाचलं, दुसरं वाचलं, आणि मग मला वाटलं की हे मी बोलतच नाहीये. कागद घडी करून खिशात घातला.

"माझा हा शर्ट कुणी केला?" मी विचारलं. मोडकंतोडकंच इंग्रजी, पण माझं. कापड गिरणीचं. बटणं बाजारातली. शिलाई कारागिराची. काजं आमच्या शेजारणीची, ती दारात बसून करते. कापला माझ्या वडलांनी. आणि शर्टाची तऱ्हा तर कुणीतरी फार पूर्वीच शोधून ठेवलेली. मग हा शर्ट कुणाचा? गोष्ट जुनी आहे म्हणून चित्रपट स्टुडिओचा नाही असं म्हणाल, तर जगातला एकही शर्ट कुठल्याच शिंप्याचा नाही. चित्रं दुसरीकडे काढली म्हणून नाही म्हणाल, तर हा शर्ट आमच्या दुकानचा नाही. पण रस्त्यात कुणालाही विचारा, माझ्या वडलांचंच नाव सांगेल.

मुलं हसली, पण चांगलं हसली. मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं.

सीनियर उठला. "म्हणजे तुझ्या शेजारणीनं शर्ट केला असं ती म्हणू शकते?"

"ती म्हणतेच. माझी काजं बघून रोज म्हणते, माझा शर्ट चाललाय कॉलेजला."

पुन्हा हशा. सीनियरही हसला, पण त्यानं मुद्दा सोडला नाही. "ठीक आहे. मग लेबल हेच उत्तर. पण कॅसेटवरच्या दुसऱ्या भागांवरही त्याच स्टुडिओचं लेबल असतं. तेही त्यांचेच म्हणायचे? मी पाहिलेत ते. जे हाताला आलं ते तसंच बाजारात सोडून दिलंय. पडदे लाकडाचे वाटतात, पाणी प्लास्टिकचं. तुला काय वाटतं, असल्या कॅसेटचं काम ते कधी परत पाठवत असतील? पुन्हा काढा म्हणत असतील?"

मी गप्प झालो. सगळ्यांना वाटलं, हरला. मॅडमसुद्धा घड्याळाकडे बघू लागल्या. पण मी गप्प झालो होतो तो दुसऱ्याच कारणानं. शिवाजीनगरच्या बसथांब्यावरचे अप्पा मला आता कुठे ऐकू येत होते. रेडीमेडचा शर्ट परत येत नाही. ज्याला आपलं लेबल लावायचं तोच परत येतो.

"एक मिनिट," मी म्हणालो. "लेबल हे उत्तर नाही. लेबल कुणीही शिवतो. उत्तर हे आहे की बिघडलं तर परत कोण घेतं. माझे वडील ज्या शर्टासाठी गिऱ्हाइकाच्या दारात जातात, तो त्यांचा. ज्याच्यासाठी जात नाहीत तो त्यांनी शिवला असला तरी त्यांचा नाही. स्टुडिओचं तसंच. गोष्ट कुणाची, हात कुणाचे, इमारत कुठली, हे सोडा. जे काम ते परत पाठवतात, पुन्हा करून घेतात, बरोबर होईपर्यंत बाहेर सोडत नाहीत, तो त्यांचा स्वतःचा चित्रपट. आणि तुम्ही विचारलंत, कॅसेटचं काम परत पाठवतात का. बहुतेक नसतील पाठवत. पण एका चित्रपटाचं पाठवलंय. या शहरात. मला ठाऊक आहे. आणि माझं म्हणणं आहे की तो आता कॅसेटचा राहिलेला नाही."

हे शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मलाच भीती वाटली. पण टाळ्या पडल्या. मागच्या बाकांवरून सुरू झाल्या आणि पुढे गेल्या. मॅडम म्हणाल्या, "आजपर्यंत या खोलीत झालेली ही सगळ्यात चांगली व्याख्या आहे," आणि मग मला विचारलं, "शर्ट खरंच सुरेख आहे. कुठे आहे तुमचं दुकान?" सीनियरनं दारात हात पुढे केला. "छान बोललास. पण तुझ्या बोलण्यानं त्यांचा क्रम बदलत नाही. खरं निघालं तर मला सांग."

मी धावतपळत घरी आलो. अक्का दुकानातच होती, ब्लाउजला हूक लावत.

"अक्का, तुझं काम चुकलं म्हणून परत आलेलं नाही. चित्रपट वर चढलाय म्हणून परत आलंय!"

"वर म्हणजे कुठं? माडीवर?"

"थेटरात!"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी सांगतोय."

"बरं झालं," ती म्हणाली. "स्टुडिओचे मालक चामराजपेटला राहतात हे मला माहीत नव्हतं." पण सुईत दोरा ओवताना तिचा हात दोनदा चुकला.

अप्पांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्यांचंच बोलणं त्यांना. ते बराच वेळ टेपची गुंडाळी करत बसले. "असू शकतं," एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, "माझं नाव घेतलंस तिथं?"

"नाव नाही घेतलं. माझे वडील म्हणालो."

"सरी," ते म्हणाले, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

पुढे काय झालं ते सांगताना मला अजून हसू येतं. अक्कानं हंस आणि चादर नव्यानं काढली आणि पाठवली. ती परत आली. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच काम परत आल्याचा आनंद झाला. "आलं का परत?" अम्मा दारातूनच विचारायची. "आलं!" "काय म्हणतात?" "चादर अजून हलकी पाहिजे." "वा!" अम्मानं केसरीभात, म्हणजे केशरी शिरा, केला. तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा काजं करणाऱ्या शेजारणीलाही बोलावलं. तिला काहीच कळेना. "तुमचं काम परत येतंय आणि तुम्ही गोड काय वाटताय?" ती म्हणाली. "वेड लागलंय का गं तुम्हाला?" अप्पा तिला समजवायला गेले आणि स्वतःच हसायला लागले. मग एक दिवस हंस परत आला नाही. घरात थोडी काळजी पसरली. पण त्याच्या जागी नवे तुकडे आले, पूर्वीपेक्षा अवघड.

त्यानंतर मात्र महिने गेले. काम संपलं आणि तिकडून काहीच कळेना. सरांना विचारलं की म्हणायचे, "आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं." अक्का दुसऱ्या कुठल्यातरी जाहिरातीचं काम करू लागली. घरात विषय निघेनासा झाला. मी तिसऱ्या वर्षाला गेलो. मंडळात मॅडम मला आता पुढच्या बाकावर बसवायच्या आणि सीनियर, जो तोवर पास होऊन गेला होता, कधी भेटला की नुसत्या भुवया उंचावून विचारायचा, आलं का काही? मी मान हलवायचो. मला एकच टोचत होतं. अक्का मला काही बोलत नव्हती, पण मी तिला आशा लावली होती, आणि ती माझ्या जिभेवरची होती, कुठल्या कागदावरची नव्हे. भाषण जिंकणं वेगळं. तिचं नाव येणं वेगळं.

एका दुपारी मी दुकानात बसून अप्पांना बटणं निवडून देत होतो. समोरच्या कॉफीपूडवाल्याकडे टेलिफोन होता. आमच्यासाठी कुणाचा फोन आला की तो तिथूनच हाक मारायचा. "मराठी अण्णा! फोन! तुमच्या मुलीचा!"

अप्पांच्या हातात कात्री होती आणि समोर अर्धवट कापलेलं सुटाचं कापड. त्यांनी मान न उचलता मला जा म्हणून खूण केली. मी रस्ता ओलांडला. रिसीव्हर कानाला लावला तर आधी कारखान्यातली ठोकाठोकी ऐकू आली आणि तिच्यामागे खूप माणसं एकदम बोलत असल्यासारखा गलका.

"तम्मा? अप्पा कुठं आहेत?"

"कटिंगवर आहेत. काय झालं? काम परत आलं का?"

"नाही," अक्का म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आता नाही येणार. पुरं झालं ते. स्वल्प थांब, मला श्वास घेऊ दे." मागे कुणीतरी टाळी वाजवली. "तिकडनं आत्ता आलंय. सरांनी सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं. चित्रपट थेटरात लागणार. स्टुडिओनं आपल्या स्वतःच्यात धरलाय, तम्मा, क्रमात घेतलाय. आणि शेवटी घालायला नावं मागितलीत. जितके बसलो होतो टेबलाला, तितक्या सगळ्यांची. माझं पण."